गोबरगॅसची ज्योत आणि सूक्ष्म मूलद्रव्ये

जळगाव जिल्ह्यातील भडगाव हे गिरणाकाठचे तालुक्याचे गाव. एकोणिसाव्या शतकात मुंबई सरकारने खानदेशातील आपले प्रायोगिक शेत येथेच चालविले होते. जामद्याच्या बंधाऱ्यातून निघणाऱ्या कालव्यांनी आणि पुढे गिरणा धरणाच्या पाण्याने या परिसराची शेती घडविली. काळी जमीन, कपाशी, केळी, ज्वारी-बाजरी आणि अलीकडे मका असे या शिवाराचे रूप आहे. शेतीला जोड म्हणून गोठा, गोठ्याला जोड म्हणून गोबरगॅस संयंत्र आणि संयंत्रातून निघालेली स्लरी पुन्हा शेताला, असे एक चक्र या भागातील शेतकरी कुटुंबांना परिचित आहे.

या चक्राचा एक दुवा आता सैल होऊ लागला आहे. नांगरणी-वखरणीची कामे ट्रॅक्टरने होऊ लागल्यापासून बैलजोड्या कमी झाल्या, आणि ज्या कुटुंबाच्या दावणीला पाच जनावरे होती तेथे आता एखाददुसरी गाय किंवा म्हैस दिसते. संयंत्र मात्र पाच जनावरांच्या शेणाच्या हिशेबाने बांधलेले असते. शेण अपुरे पडू लागले की केळीचे चिरलेले खांब, मक्याचा हिरवा चारा, स्वयंपाकघरातील खरकटे, भाजीपाल्याचे टाकाऊ भाग असे जे हाती येईल ते मिश्रण टाकीत पडू लागते. काही महिने गॅस उत्तम मिळतो आणि मग एके दिवशी शेगडीवरची ज्योत मंदावते. संयंत्र बिघडले असा शेरा पडतो, घरातील स्त्री पुन्हा चुलीपाशी धुरात बसते आणि शासकीय अनुदानातून उभे राहिलेले बांधकाम अडगळ होऊन पडते.

बिघाड बांधकामाचाच असेल असे मात्र नाही. पुष्कळदा तो संयंत्रात राबणाऱ्या जीवाणूंच्या आहारात असतो. त्या आहारातील काही घटक इतक्या अल्प प्रमाणात लागतात की त्यांच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. निकेल, कोबाल्ट, लोह, मॉलिब्डेनम, सेलेनियम ही त्यांची नावे. ग्रामसेवक, शिक्षक, विस्तार अधिकारी व पंचायत सदस्य यांनी हा विषय समजून घेतल्यास बंद पडू पाहणारी अनेक संयंत्रे वाचविता येतील.

शतकाहून जुनी वाटचाल

शेणामैल्यापासून जळाऊ वायू मिळविण्याचा उद्योग महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरुग्णांच्या आश्रयस्थानात १८९७ साली मैल्यापासून मिळालेला वायू वापरात आणला गेला आणि १९०७ साली त्यावर इंजिनही चालविण्यात आले. शेणापासून वायू मिळविण्याचे शास्त्रशुद्ध प्रयोग दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत डॉ. सु. वि. देसाई यांनी १९३९ च्या सुमारास केले. जशभाई पटेल यांनी १९५१ साली 'ग्रामलक्ष्मी' हे तरंगत्या टाकीचे संयंत्र तयार केले, आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६० नंतरच्या दशकात त्याच धर्तीचे संयंत्र देशभर नेले. केंद्र शासनाने १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प हाती घेतला, आणि १९८४ मध्ये घुमटाकृती 'दीनबंधू' संयंत्र आल्यावर बांधकामाचा खर्च आणखी कमी झाला.

या सर्व वाटचालीत भर होता तो बांधकामावर. टाकी कशी असावी, घुमटाला गळती कशी लागू नये, शेणकाला किती पातळ असावा, या प्रश्नांची उत्तरे त्या काळात मिळाली. आतील जीवांच्या आहाराचा प्रश्न त्या वेळी फारसा उपस्थित झाला नाही, याचे कारण साधे आहे. सर्व संयंत्रे शेणावर चालत होती, आणि शेण हा त्या जीवांच्या दृष्टीने जवळजवळ परिपूर्ण आहार आहे.

कुंडात काय घडते?

एका किलोग्रॅम ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर गॅस मिळतो. दोन घनमीटरच्या घरगुती संयंत्रास म्हणून रोज ५० किलोग्रॅम शेण आणि तितकेच पाणी लागते, आणि त्यावर सहा-सात माणसांचा स्वयंपाक होतो. महाराष्ट्राच्या हवामानात घातलेला शेणकाला कुंडात सुमारे ४० दिवस राहावा असे धरले जाते. म्हणजे रोज १०० लिटरप्रमाणे कुंडात कोणत्याही वेळी सुमारे ४,००० लिटर काला असतो.

या काळात हवेचा संपर्क नसताना त्याचे पचन तीन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात काही जीवाणू पिष्ट, प्रथिने, स्निग्ध पदार्थ व तंतू यांचे साध्या द्रव्यांत विघटन करतात. दुसऱ्या टप्प्यातील जीवाणू त्यांपासून सेंद्रिय आम्ले तयार करतात, त्यांत शिरक्यातील ॲसिटिक आम्ल मुख्य असते. तिसऱ्या टप्प्यातील जीव या आम्लापासून, तसेच हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड यांपासून मिथेन बनवितात. हा मिथेनच शेगडीत जळतो. गोबरगॅसमध्ये त्याचे प्रमाण साधारणपणे शेकडा ५५ ते ६५ असते, उरलेला भाग मुख्यतः कार्बन डायऑक्साइडचा.

तिसऱ्या टप्प्यातील जीवांना व्यवहारात मिथेनजनक जीवाणू म्हटले जाते. वस्तुतः ते जीवाणूंहून वेगळ्या, 'आर्किया' या प्राचीन गटातील आहेत, हे अमेरिकी शास्त्रज्ञ कार्ल वोस यांनी १९७७ साली दाखवून दिले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही या जीवांवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. हे जीव सावकाश वाढतात, थंडीला व आम्लतेला नाजूक असतात आणि आहाराच्या बाबतीत चोखंदळ असतात. आम्ले बनविणारे जीवाणू मात्र काटक व वेगवान. दोघांची चाल जुळलेली असेल तोवर कुंड निरोगी असते. मिथेनजनकांची चाल मंदावली की आम्ले साचतात, काल्याचा सामू उतरतो, आणि उतरलेल्या सामूमुळे मिथेनजनक आणखी दुबळे होतात. गावात ज्याला संयंत्र 'आंबले' म्हणतात ती अवस्था हीच.

चिमूटभर धातूंचे काम

प्रत्येक सजीव आपली रासायनिक कामे विकरांकडून करवून घेतो. विकर म्हणजे विशिष्ट क्रिया जलद घडवून आणणारे प्रथिन. अनेक विकरांच्या गाभ्यात एखाद्या धातूचा अणू असतो. मनुष्याच्या रक्तातील रंगद्रव्यात लोह असते आणि ते कमी पडले की अंगातील शक्ती जाते, ही गोष्ट शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. मिथेनजनकांच्या बाबतीत तेच स्थान निकेलचे आहे.

जर्मनीतील मारबुर्ग येथील रोल्फ थाउअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली असे दाखविले की, मिथेन तयार करणाऱ्या एका जीवाची वाढ निकेल, कोबाल्ट व मॉलिब्डेनम यांवाचून होत नाही. मिथेन तयार होण्याची अगदी अखेरची क्रिया ज्या विकरामुळे घडते, त्याच्या गाभ्यात 'एफ-४३०' नावाचे पिवळे द्रव्य असते आणि त्या द्रव्याच्या मध्यभागी निकेलचा अणू असतो, हेही त्या सुमारास स्पष्ट झाले. निकेल नसेल तर ते द्रव्य बनत नाही, विकर काम करीत नाही आणि आम्ल आम्लच राहते.

कोबाल्ट हा बी-१२ जीवनसत्त्वाचा मध्यवर्ती धातू आहे. मिथेनजनकांना त्याच वर्गातील द्रव्ये लागतात. लोह तर कुंडातील जवळजवळ सर्वच जीवांना लागते आणि वर सांगितलेल्या धातूंच्या तुलनेत बरेच अधिक लागते. मॉलिब्डेनम, टंगस्टन व सेलेनियम यांचा उपयोग काही विशिष्ट आम्लांचे, विशेषतः फॉर्मिक आम्लाचे, विघटन करणाऱ्या विकरांत होतो.

'सूक्ष्म' या शब्दाचा अर्थ एका हिशेबाने स्पष्ट होईल. काल्याच्या प्रत्येक लिटरमागे निकेलचे प्रमाण मिलिग्रॅमचा एक दशांश धरले, तर चार हजार लिटरच्या पूर्ण कुंडात ते सारे मिळून ४०० मिलिग्रॅम, म्हणजे अर्ध्या ग्रॅमहूनही कमी भरेल. नखावर मावेल एवढ्या धातूवर एका घराची चूल अवलंबून असते.

शेणात हे द्रव्य येते कोठून?

जनावर चारा खाते, त्यातील सेंद्रिय भागाचा निम्म्याहून अधिक हिस्सा त्याच्या अंगी लागतो आणि खनिजांचा बराच भाग शेणात राहतो. चाऱ्याच्या तुलनेत शेणातील खनिजे त्यामुळे अधिक दाट होतात. चरताना चाऱ्याबरोबर मातीचे कणही पोटात जातात. दख्खनच्या काळ्या पाषाणापासून झालेल्या मातीत लोहाचे प्रमाण मोठे असते, आणि निकेल व कोबाल्टही ग्रॅनाइटच्या मातीपेक्षा अधिक असतात. शिवाय रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात मिथेनजनक जीव आधीपासूनच वस्तीला असतात, ते शेणाबरोबर कुंडात उतरतात. शेण याप्रमाणे एकाच वेळी अन्न, विरजण आणि खनिजांचा साठा आहे.

पशुवैद्यकीय दवाखान्यातून दुभत्या जनावरांसाठी ज्या खनिज मिश्रणाची शिफारस होते, त्यात लोह, जस्त, तांबे, मँगनीज, कोबाल्ट व आयोडीन असते. जनावराच्या पोटातील जीवाणू कोबाल्टपासून बी-१२ तयार करतात. अशा मिश्रणावर पोसलेल्या जनावराचे शेणही त्या मानाने संपन्न असते. दावणीची काळजी ही अशा रीतीने संयंत्राचीही काळजी ठरते.

केळीच्या खांबाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या वजनाचा फार मोठा भाग, शेकडा ९० च्या आसपास, पाण्याचा असतो. उरलेल्यात तंतू व पोटॅश अधिक आणि नत्र कमी. मका, हत्तीगवत, उरलेला भात-भाकरीचा भाग यांत ऊर्जा भरपूर असते, म्हणून आरंभी गॅस चांगला मिळतो. परंतु निकेल व कोबाल्ट यांची शिदोरी त्यांच्यापाशी तुटपुंजी असते.

दिवाळीची चूक, होळीला परिणाम

या तुटवड्याचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्याचे कारण व परिणाम यांत काही महिन्यांचे अंतर पडते. समजा, एखाद्या कुटुंबाने दिवाळीच्या सुमारास शेण जवळजवळ बंद करून केळीचे खांब व खरकटे घालण्यास सुरुवात केली. कुंडात जुन्या शेणातील धातूंचा साठा असतोच. रोज १०० लिटर नवे द्रव्य आत येते आणि तितकेच जुने बाहेर जाते. कुंडातील द्रव्य नीट ढवळले जात असेल, तर ४० दिवसांनी मूळ साठ्याचा शेकडा ३७ इतका भाग शिल्लक राहतो आणि १२० दिवसांनी शेकडा पाच. म्हणजे होळीपर्यंत शिदोरी संपते.

मधल्या काळात गॅस मिळतच असल्याने नव्या आहाराविषयी कोणाला शंका येत नाही. होळीला संयंत्र आंबले की दोष गवंड्यावर, सिमेंटवर किंवा थंडीवर जातो. दिवाळीतील बदल कोणाच्या स्मरणातही नसतो. भेट देणाऱ्या कर्मचाऱ्याने म्हणूनच 'आज काय घातले?' एवढ्यावर न थांबता 'गेल्या चार महिन्यांत काय काय बदलले?' असे विचारले पाहिजे.

असूनही नसल्यासारखे

खानदेशातील शेतकऱ्याला आणखी एक गोष्ट सहज पटेल. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोह भरपूर असूनही पिकावर केवडा पडतो, पाने पिवळी होतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोह जमिनीत असते, परंतु मुळांना घेता येईल अशा स्वरूपात नसते.

कुंडातही असेच घडते. प्रथिनांच्या विघटनातून हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्यासारख्या वासाचा वायू निर्माण होतो. त्यातील गंधक निकेल, कोबाल्ट यांसारख्या धातूंशी संयोग पावून ते तळाशी बसविते. धातू कुंडात असतात, जीवांना मात्र उपलब्ध नसतात. येथे लोहाचे दुसरे कार्य दिसते. लोह पुरेसे असेल तर गंधकाचा मोठा भाग तेच आपल्याकडे ओढून घेते. गॅसमधील दुर्गंधी व शेगडी-इंजिनांना गंज चढविणारा वायू कमी होतो, आणि मोलाचे इतर धातू जीवांसाठी मोकळे राहतात.

देशातील व परदेशातील प्रयोगांनी या गोष्टी तपासून पाहिल्या आहेत. धारवाड येथील कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी जलपर्णीपासून मिळणाऱ्या गॅसवर निकेलचा अनुकूल परिणाम होतो असे १९९० साली प्रसिद्ध केले. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत आंब्याच्या कारखान्यातील टाकाऊ भागावर दीड घनमीटरच्या खादी आयोग पद्धतीच्या संयंत्रांत सूक्ष्म मूलद्रव्यांचे प्रयोग झाले, त्यांचा वृत्तान्त १९९१ चा आहे. हैदराबाद येथे गाईचे शेण व कोंबड्यांची विष्ठा यांवर लोहाचा उपयोग तपासला गेला, तो १९९४ साली प्रसिद्ध झाला. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाने केवळ खरकट्यावर चालणाऱ्या संयंत्रांत सेलेनियम व कोबाल्ट यांची उणीव हे आम्ले साचण्याचे एक मुख्य कारण असल्याचे दाखविले, हे काम २०१२ चे. जर्मनी व ऑस्ट्रिया येथे केवळ मक्याच्या मुरघासावर चालणाऱ्या संयंत्रांनाही हाच अनुभव आला. या सर्वांत समान धागा एकच. शेणापासून जितके दूर जावे, तितकी या धातूंची चिंता अधिक करावी लागते.

आधी निदान, मग औषध

मंद ज्योतीचे प्रत्येक कारण सूक्ष्म मूलद्रव्यांत शोधणे हीसुद्धा चूक ठरेल. क्षेत्रीय कर्मचाऱ्याने तपासणीचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

१. गळती : नळी, झडप व घुमट यांची साबणाच्या फेसाने तपासणी करावी. पेटलेली काडी लावून गळती कधीही शोधू नये.

२. नळीतील पाणी : थंडीत नळीत पाणी साचून गॅस अडतो. पाणी काढण्याची सोय प्रथम पाहावी.

३. भरणा : शेण व पाणी यांचे प्रमाण, रोजचे वजन व खाडे विचारावेत. कमी भरणा व अति भरणा, दोन्ही घातक आहेत.

४. साय : केळीचे तंतू व पेंढा वर तरंगून जाड थर धरतात आणि गॅस खाली कोंडला जातो. कुंड ढवळून पाहावे.

५. विषारी द्रव्ये : गोठा धुताना वापरलेले फिनेल, धुण्याचे साबण, मोरचूद असलेली औषधे, आजारी जनावरास दिलेली प्रतिजैविके कुंडात गेली काय, याची चौकशी करावी.

६. आम्लता : बाहेर पडणाऱ्या स्लरीला आंबट वास येतो काय, लिटमस कागद लाल होतो काय, गॅस येतो पण जळत नाही असे होते काय, ते पाहावे. निरोगी कुंडाचा सामू ७ च्या आसपास असतो.

पहिली पाच कारणे नसतील, कुंड आंबलेले असेल आणि गेल्या काही महिन्यांत शेणाचा भाग घटला असेल, तर सूक्ष्म मूलद्रव्यांच्या उणिवेचा संशय घेण्यास जागा आहे.

उपाय महाग नाही. भरणा काही दिवस थांबवावा, शेजारच्या चांगल्या चालणाऱ्या संयंत्रातील स्लरी काही घागरी आणून कुंडात सोडावी आणि नंतर केवळ ताज्या शेणाचा काला थोडा थोडा घालीत जावा. सामू फारच उतरला असेल तर चुन्याची पातळ निवळी जपून वापरावी. ज्योत स्थिर झाल्यावर इतर पदार्थ पुन्हा सुरू करता येतात, मात्र ते बारीक चिरून, अल्प प्रमाणात आणि हळूहळू वाढवीत. भरण्यातील निम्म्याहून अधिक भाग शेणाचाच राहील असे पाहणे घरगुती संयंत्रासाठी सुरक्षित धोरण आहे. घरचे शेण पुरत नसेल तर शेजारच्या दोन गोठ्यांशी बोलणी करून शेणाच्या बदल्यात स्लरी देण्याची प्रथा गावात पाडता येईल.

कोणत्याही कारणाने कुंडात माणसाने उतरू नये. तेथील वायू क्षणात शुद्ध हरपवितात.

क्षार घालण्याचा मोह

निकेल कमी पडते असे ऐकल्यावर निकेलचे क्षार आणून टाकावेत, असे कोणाला वाटेल. घरगुती संयंत्रात ते कदापि करू नये. निकेलचे क्षार विषारी आहेत, ते हाताळणाऱ्याच्या त्वचेला व श्वसनमार्गाला अपाय करतात आणि कर्करोगास कारणीभूत होऊ शकतात. शिवाय जीवांना लागणारी मात्रा आणि त्यांना मारक ठरणारी मात्रा यांतील अंतर मोजण्यास प्रयोगशाळा लागते, चमचा पुरत नाही. फळबागेसाठी आणलेली हिराकस लोहाचा साठा म्हणून कुंडात ओतणेही शहाणपणाचे नाही. तिच्यातील सल्फेटपासून कुंडात पुन्हा सल्फाइडच तयार होते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. धातू जळत नाहीत, वायुरूपाने उडून जात नाहीत. कुंडात जे पडले ते स्लरीबरोबर शेतात जाते आणि तेथेच साचते. खत नियंत्रण आदेश, १९८५ अन्वये कंपोस्ट खतात निकेलचे प्रमाण किलोग्रॅममागे ५० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये असे बंधन आहे. अविचाराने टाकलेला धातू आज चूल पेटवील आणि उद्या जमीन बिघडवील. उलट, शेणातून आलेली अल्प द्रव्ये स्लरीवाटे शेतात, शेतातून चाऱ्यात आणि चाऱ्यातून पुन्हा गोठ्यात अशी फिरत राहतात. ज्यांच्या केळीबागेत व कपाशीत जस्ताची व लोहाची उणीव नेहमी जाणवते, त्या शिवाराला हा फेरा मोडणे परवडणारे नाही.

पंचायतीपुढील प्रश्न

घरगुती संयंत्रांबरोबर आता मोठ्या प्रकल्पांचा विचार सुरू झाला आहे. केंद्र शासनाने २०१८ मध्ये ग्रामीण भागासाठी 'गोबरधन' आणि वाहनांच्या इंधनासाठी संपीडित बायोगॅसची 'सतत' अशा दोन योजना जाहीर केल्या. हत्तीगवत, साखर कारखान्यांची प्रेसमड, शेतातील काडीकचरा यांवर चालणारे प्रकल्प या विचारातून पुढे येत आहेत. अशा प्रकल्पात एकच पदार्थ शेकडो क्विंटलने घालावयाचा असतो, म्हणून सूक्ष्म मूलद्रव्यांची उणीव तेथे अधिक संभवते आणि तिची किंमतही मोठी असते. मोठ्या संयंत्रांत या द्रव्यांची मोजून भर घालणे ही मान्य पद्धत आहे, परंतु ती नियमित रासायनिक तपासणीच्या आधारेच.

एखादा प्रकल्प ग्रामसभेपुढे आला तर सदस्यांनी चार प्रश्न अवश्य विचारावेत. कुंडात वर्षभर कोणता पदार्थ जाणार आणि त्यात शेणाचा वाटा किती? काल्याची व आम्लांची तपासणी कोण व किती दिवसांनी करणार? सूक्ष्म मूलद्रव्ये घालावी लागल्यास त्यांचा खर्च व जबाबदारी कोणाची? आणि स्लरी कोणाच्या शेतात, कोणत्या तपासणीनंतर जाणार? या प्रश्नांची उत्तरे करारात लिहिलेली असतील, तर उद्घाटनानंतर वर्षभरात प्रकल्पाला कुलूप लागण्याचा प्रसंग टळू शकेल.

शाळेतील एक प्रयोग

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज समजावून देता येईल. दोन बाटल्या घ्याव्यात. एकीत शेण व पाणी समप्रमाणात भरावे, दुसरीत केळीच्या साली व उरलेला भात वाटून केलेला पातळ काला चार चमचे शेणकाल्याचे विरजण लावून भरावा. दोन्ही बाटल्या तोंडापर्यंत न भरता वर मोकळी जागा ठेवावी, तोंडांना फुगे बांधावेत आणि त्या उबदार जागी ठेवाव्यात. दर आठवड्याला फुग्याचा आकार व वास यांची नोंद घ्यावी आणि लिटमस कागदाने आम्लता तपासावी. केवळ खरकट्याची बाटली लवकर फुगते आणि लवकर आंबते, शेणाची बाटली सावकाश चालते व टिकते, असे साधारणपणे दिसून येईल. हा प्रयोग धातूंची उणीव सिद्ध करीत नाही. शेणाच्या अंगी काल्याला सांभाळून धरण्याचा गुण आहे एवढे मात्र तो दाखवितो. फुगे विस्तवापासून दूर ठेवावेत आणि उघड्यावर सोडावेत.

गोबरगॅस संयंत्राची नोंद शासनदरबारी बांधकाम म्हणून होते. किती बांधली, किती अनुदान दिले, एवढ्यावर अहवाल पूर्ण होतो. परंतु कुंडात उतरलेला प्रत्येक जीव हा गोठ्यातील जनावराइतकाच पोसावा लागतो. भडगावसारख्या तालुक्यात पिके बदलली, दावणी रित्या होऊ लागल्या, तेव्हा या जीवांचा आहारही नकळत बदलला. बंद संयंत्रांच्या पाहणीत 'दुरुस्ती आवश्यक' या रकान्याशेजारी 'भरण्यात झालेला बदल' असा आणखी एक रकाना वाढविला आणि गवंड्याला बोलाविण्यापूर्वी तो भरला, तरी पुष्कळ घरांतील विझलेली शेगडी चार पाट्या शेणावर पुन्हा पेटू शकेल.